पाहुण्याचा कप

"सिनेमा संपल्या संपल्या जो बोलायला लागतो, त्याने तो पाहिलेलाच नसतो," असं फौजदार एकदा म्हणाला, आणि तेव्हापासून कुठलाही सिनेमा संपला की आम्ही थोडा वेळ उगाच गप्प बसायला लागलो. न जाणो, आपल्यावरच संशय यायचा.

फौजदार हे त्याचं टोपणनाव. पोलिसांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो कवळ्या करायचा. घराची पुढची खोली हीच त्याची कामाची जागा होती. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, बारीक कानशी, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर रांगेने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. त्या खोलीत नवखा माणूस आला की खालच्या आवाजात बोलायचा. आपण काही चुकीचं बोललो तर हे सगळे एकदम हसतील, असं वाटायचं तिथे.

माणसांवर विश्वास न ठेवणं हे तो आपल्या धंद्यातच शिकला, असं त्याचं म्हणणं. नवी कवळी बसवली की माणूस आरशात बघून म्हणतो, "छान बसली हो." शुद्ध थाप. हिरडीला टोचत असते, जीभ अडखळत असते, पण समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणूस दाबून खोटं बोलतो. फौजदार ऐकून घ्यायचा आणि निळ्या कागदाची पट्टी त्याच्या दातांमध्ये सरकवायचा. "चावा. आता घासा. हं, उघडा." जिथे दात जास्त टेकतो तिथे निळा ठिपका उमटतो. "हे बघा. म्हणे छान बसली!" तो ठिपका दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद यायचा, तो मी दुसऱ्या कशानेही आलेला पाहिला नाही.

रविवारी दुपारी आम्ही त्याच्याकडे जमायचो. मी, आमच्या गल्लीतला शिंपी, आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. विषय एकच, आमचा दिग्दर्शक. त्याला आम्ही म्हातारा म्हणायचो, आणि तो तर ऐन तारुण्यात गेलेला. जिवंत होता तोवर त्याचे सिनेमे रिकाम्या खुर्च्यांनी पाहिले. मेल्यावर त्याला भक्त मिळाले. त्यांतले आम्ही. त्याने सिनेमे मोजकेच केले, म्हणून भांडायला सोपं. शिंप्याच्या मते जिन्याचा सर्वांत श्रेष्ठ. त्यात एक माणूस वरच्या मजल्यावरच्या पावलांचा पाठलाग करत राहतो. बाईंच्या मते मिठागराचा, ज्यात जवळजवळ कुणी बोलतच नाही. "माझ्या दुकानात दिवसभर इतकी बडबड ऐकते मी," त्या म्हणायच्या, "तो सिनेमा म्हणजे औषध आहे हो."

आणि फौजदाराचा होता पाहुण्याचा. एका घरात एक पाहुणा येतो. नवऱ्याला वाटतं बायकोने बोलावला, बायकोला वाटतं सासऱ्यांनी, सासऱ्यांना वाटतं नातवाच्या शाळेतला कुणी असेल. विचारायचं कुणालाच जमत नाही, आणि पाहुणा राहून जातो. मग घरातली एक एक वस्तू सापडेनाशी होते. चोर पाहुणा की घरातलंच कुणी, हे म्हातारा सांगतच नाही.

"सांगतो," फौजदार म्हणायचा. "शेवटी सांगतो. सगळं घर दुपारचं झोपलंय. पाहुणा स्वयंपाकघरात एकटा चहा पितोय. पिऊन झाल्यावर उठतो, कप स्वतः विसळतो, पुसतो, आणि घरातल्या इतर कपांमध्ये बेमालूम ठेवून देतो. कपाचा कान इतर कपांच्या कानांच्या दिशेला वळवून. पाहुणा कधी कप विसळतो का रे? आपल्या असण्याची खूण पुसतो तो चोर. तिथे सिनेमा संपतो आणि खटलाही."

"मला नाही आठवत असं काही," शिंपी पहिल्यांदा म्हणाला होता.

"तू बिडी ओढायला बाहेर गेला होतास."

शिंपी खरंच दर सिनेमात बिडी ओढायला बाहेर जायचा. आम्ही तो सिनेमा एकदाच पाहिलेला, आता बंद पडलेल्या थिएटरात, रेघारेघांच्या प्रतीवर. पुढे पाहायला मिळालाच नाही. म्हणून फौजदार सांगेल ते खरं, आणि हळूहळू ते आम्हालाही आठवायला लागलं. बाई तर शपथेवर सांगायच्या, "हिरव्या काठाचा कप होता. माझ्या माहेरी अगदी तसेच होते."

फौजदाराची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. तिचा धाकटा भाऊ एके काळी या घरात दर आठवड्याला यायचा, मुलीचा लाडका मामा. मग यायचा थांबला. दाताच्या टोपणासाठी आणलेला सोन्याचा तुकडा टेबलावरून नाहीसा झाला होता, एवढंच आम्हाला माहीत. मामाचा विषय निघाला की फौजदार म्हणायचा, "हात स्वच्छ नव्हते त्याचे," आणि कानशी उचलायचा. बायकोने भावाचं नाव त्याच्यासमोर पुन्हा काढलं नाही. ती आजारी पडली तेव्हाही तो आला नाही. त्याला कळवलं होतं की नाही, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

मुलगी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. नजर बापाची, जीभही बापाची. एका रविवारी ती एका मुलाला घेऊन आली. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. बोलण्यात शांत, आणि बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. लग्न करायचं आहे, असं तिने सरळ सांगितलं. फौजदाराने त्याला पगार विचारला नाही, घरचं विचारलं नाही. विचारलं, "म्हाताऱ्याचा कुठला सर्वांत चांगला?"

"लिफ्टवाल्याला जिन्याचा कसा आवडेल!" शिंपी म्हणाला.

मुलगा हसला. "पाहुण्याचा, काका. शेवटचा तो कपाचा प्रसंग तर..." आणि त्याने तो सांगितला. कान एका दिशेला वळवण्यासकट.

फौजदाराचे डोळे बारीक झाले. मुलगा गेल्यावर दार लावायच्या आत तो म्हणाला, "याला पढवलाय."

"मी सांगितलं होतं त्याला, तुम्हाला काय आवडतं ते," मुलगी म्हणाली. "बाबा, आवडनिवड सांगणं म्हणजे पेपर फोडणं नव्हे."

"माझेच शब्द, त्याच क्रमाने. त्याने तो सिनेमा पाहिलेला नाही. जो सिनेमाच्या बाबतीत थाप मारतो तो..."

"पाहिलाय त्याने."

"कुठे? कधी? कुणाबरोबर?"

मुलगी आमच्याकडे बघून बोलली, पण ते त्याच्यासाठी होतं. "मामा असाच एक दिवस यायचा थांबला. हा थांबला तर मीही त्याच्याबरोबर थांबेन. तेवढं लक्षात ठेवा आणि मग काय ती चौकशी करा."

तिची धमकी पोकळ नव्हती. फौजदारालाही ते कळलं असावं, कारण त्या आठवड्यात त्याने एक जबडा चुकीच्या माणसाच्या डब्यात ठेवला. पण खोड जाते थोडीच. म्हाताऱ्याचे सिनेमे कुणीतरी साफसूफ करून नव्याने बाजारात आणले आहेत, हे बाईंना कळलं होतं. त्यांनी पाहुण्याचा मागवला होता. फौजदाराने त्यांच्या हातातून डीव्हीडीची डबी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"येत्या रविवारी सगळे या," तो म्हणाला. "त्यालाही बोलवा. निळा कागद लावतो त्याला."

रविवारी टीव्ही टेबलावर, जबड्यांच्या पुढ्यात मांडला होता. मुलीने सगळ्यांना चहा दिला. फौजदार रिमोट घेऊन बसला आणि मुलाला समोरच्या स्टुलावर बसवलं, जिथे तो कवळीची गिऱ्हाइकं बसवायचा.

सिनेमा सुरू झाला. थोड्या वेळाने फौजदाराने चित्र थांबवलं. "आता कोण येईल?"

"सासरे. हातात घड्याळ असेल, बंद पडलेलं."

सासरे आले. घड्याळ बंद होतं. पुढे पुन्हा थांबवलं, पुन्हा विचारलं. मुलगा प्रत्येक वेळी बरोबर निघाला. नवऱ्याने कपाट कुठल्या हाताने उघडलं तेही त्याने सांगितलं. उत्तर बरोबर आलं की फौजदार आणखीच अस्वस्थ होत होता.

"पाठांतर चांगलंय," तो पुटपुटला.

"अरे पुरे," शिंपी म्हणाला. "जावई बघतोयस की साक्षीदार फोडतोयस? आज मी बिडीलासुद्धा उठलो नाही तुझ्यापायी."

शेवट आला. दुपार, निजलेलं घर, स्वयंपाकघरात पाहुणा एकटा. हातात कप. फौजदाराने चित्र थांबवलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "हं. आता?"

मुलगा पहिल्यांदाच लगेच बोलला नाही. त्याने मुलीकडे पाहिलं. मग खाली स्वतःच्या हातांकडे.

"आता तो उठून कप विसळतो, काका."

फौजदाराने बटण दाबलं. पाहुण्याने चहाचा घोट घेतला. अर्धा भरलेला कप टेबलावर ठेवला, खिडकीबाहेर जरा वेळ पाहिलं, उठला, पिशवी उचलली आणि दार उघडून निघून गेला. रिकाम्या खोलीत कप तसाच राहिला. त्याच्या काठावर एक माशी बसली. नावं यायला लागली.

कुणी बोललं नाही. या वेळी ते उगाच नव्हतं.

फौजदाराने मागे नेऊन पुन्हा लावलं. कप, खिडकी, पिशवी, दार, माशी. पुन्हा लावलं. "कापलाय," तो म्हणाला. "यांनी कापलाय."

"अहो, डबीवर लिहिलंय, संपूर्ण," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"आणि बाई, हिरवा काठ कुठे गेला?" शिंप्याला राहवलं नाही. "सिनेमा तर काळा-पांढरा!"

बाईंनी पदर सारखा केला आणि भिंतीवरच्या जबड्यांकडे पाहत राहिल्या.

फौजदार मुलाकडे वळला. "तू तर म्हणालास, विसळतो. म्हणजे पाहिलेला नाहीस."

"पाहिलाय, काका, हीच नवी प्रत आणून. विसळत नाही हे मला माहीत होतं."

"मग?"

"त्या दिवशी पहिल्यांदाच आलो होतो या घरात. तुमचा सर्वांत आवडता प्रसंग सिनेमात नाहीच, असं कसं सांगणार? आणि आज या सगळ्यांसमोर कसं सांगणार?"

"म्हणजे खोटं बोललास."

"हो."

"ऐकलंत?" फौजदार आमच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना आनंद यायला लागला होता, निळा ठिपका सापडल्याचा. "ऐकलंत ना? स्वतःच्या तोंडाने कबूल..."

"बाबा."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या मागे नळ दिसत होता आणि फळीवर ओळीने लावलेले कप, सगळ्यांचे कान एका बाजूला.

"सिनेमात नव्हताच तो प्रसंग," ती म्हणाली. "इथे होता. मामा चहा प्यायला की आपला कप आपण विसळायचा. आईचे गुडघे दुखायचे म्हणून. पुसून, कान वळवून ठेवायचा. तुमचं सोनं नाहीसं झालं त्या दुपारीही त्याने तेच केलं. तुम्ही या खुर्चीत बसून बघत होतात आणि मी आईजवळ निजल्याचं सोंग करून. संध्याकाळी तुम्ही त्याला बाहेर काढलंत. तो सिनेमा तर त्यानंतर लागला."

दर रविवारी आम्ही कशावर भांडत होतो, ते तेव्हा आमच्या ध्यानात आलं. म्हाताऱ्याच्या सिनेमावर नव्हेच. फौजदार एका माणसाविरुद्ध खटला चालवत होता, पुन्हा पुन्हा, आणि आम्हाला साक्षीला बसवत होता. पुरावा एवढाच होता की पाहुण्याने कप विसळला.

"मीच सांगितलं होतं त्याला कपाचं," मुलगी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "तो म्हणाला, असं काही नाहीये त्यात. मी म्हटलं, तरी सांग. बाबांना बरं वाटेल. आता त्याला काय ठरवायचं ते ठरवा."

फौजदाराने रिमोट टेबलावर ठेवला, मेणाच्या पट्ट्यांवर. मुलाकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं, उघडा म्हटल्यावर माणसं बसतात तसं. मग मिटलं. शेजारी त्याचा चहा होता, अर्धा, निवलेला. त्याने तो उचलला, कपाच्या आत पाहिलं, स्वयंपाकघराच्या दिशेने एक पाऊल टाकलं. मुलगी बाजूला झाली. तो थांबला. मागे येऊन कप होता तिथेच ठेवला.

मग दाराशी जाऊन, मुलाच्या जोडून ठेवलेल्या बुटांना धक्का लागणार नाही इतक्या जपून चपला पायात सरकवल्या, आणि स्वतःच्या घरातून निघून गेला.