ओडीलचं खरं दुखणं

ओडील म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, गोडेलीवचा नवरा. पश्चिम फ्लँडर्समधल्या आमच्या गावात पोरगा शाळेत ढ निघाला की वीटभट्टीवर जायचा, आणि पायांत जोर दिसला की सायकलीवर. ओडील दोन्हीकडे जाऊन आला. काही वर्षं विटा वाहिल्यावर तो एका सॉसेजवाल्याच्या पैशावर चालणाऱ्या संघात व्यावसायिक शर्यतपटू झाला. शर्यतपटू म्हणजे खरं तर पाणक्या. संघाच्या नायकापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, त्याचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचं.

नायक होता फिर्मिन, आमच्याच गावचा. फिर्मिन गोळ्या घ्यायचा. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्या काळी शर्यतीच्या सदऱ्याला मागे खिसे असत आणि त्यांत साखरेचे खडे, केकचा तुकडा आणि गोळ्या गुण्यागोविंदाने नांदत. ओडीलनेही एकदा घेऊन पाहिली. शर्यत संपली, पण ओडील काही संपेना. रात्रभर डोळा लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने माझ्या वडिलांचं कोंबड्यांचं खुराडं दोनदा रंगवलं. पुढच्या वेळी फिर्मिनने गोळी पुढे केली तेव्हा तो म्हणाला, "मला नाही परवडत."

"अरे, फुकट आहे."

"गोळी फुकट आहे. रंग नाही."

सदुसष्ट सालची गोष्ट. शेजारच्या गावची जत्रा होती आणि जत्रेची शर्यत. आधल्या दिवशीच सगळ्या शर्यतपटूंनी मिळून ठरवलं होतं की आज फिर्मिन जिंकणार. शेवटचे दोन फेरे उरले असताना मोपेडवरून एक माणूस शर्यतीच्या कडेकडेने ओरडत गेला, "ब्रसेल्सहून डॉक्टर आलाय. शाळेत बाटल्या मांडून बसलाय. पहिल्या तिघांची लघवी तपासणार."

मी आणि वडील कॅफेच्या कोपऱ्यावर उभे होतो, त्यामुळे पुढची दुखण्यांची साथ आम्ही डोळ्यांनी पाहिली. आघाडीवरच्या टोळक्यातला एक जण पोट धरून उतरला. एकाला गांधीलमाशी चावली. दोघे सख्खे भाऊ एकमेकांत अडकून बीटच्या शेतात पडले, पण असे अलगद की कुणी गादीवर अंग टाकावं. फिर्मिन आमच्या पुढ्यातच थांबला, सायकल भिंतीला लावली आणि कॅफेकडे निघाला.

"काय झालं रे?" वडिलांनी विचारलं.

"गुडघा."

"कुठला?"

फिर्मिनने खाली पाहिलं. "डावा धरू."

बऱ्याच वेळाने ओडील आला. तो नेहमीप्रमाणे दमून मागे पडला होता आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. कडेला बसलेली माणसं पाहून त्याला वाटलं मोठा अपघात झाला. तो माझ्याकडे बघून ओरडला, "पुढे कोण आहे?"

"कोणी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तूच पुढे आहेस, बाबा. जा."

थट्टा करतोय समजून त्याने मला शिवी हासडली, आणि जिंकला. आयुष्यात एकदाच. डॉक्टर तर इतका खूश झाला, की त्याने त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली. बाटली स्वच्छ निघाली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दुखापतींची कारणं छापून आली: ऊन, रस्त्यावरचं वितळलेलं डांबर, शिळे शिंपले, गांधीलमाशी आणि गुडघा.

गावाने मात्र डोकं चालवलं. गोळीशिवाय कोणी जिंकत नाही, हा अनुभव. ओडील जिंकला. अर्थात त्याच्याकडे असं काहीतरी आहे जे बाटलीत दिसत नाही. लोक संध्याकाळी गुपचूप विचारायला येऊ लागले. गोडेलीव सांगायची, "ताकातली पेज खातो." ते डोळे मिचकावून म्हणायचे, "बरं, नसेल सांगायचं तर राहू दे."

संघाचा व्यवस्थापक मॉरित्स मात्र चिडला होता.

"फिर्मिनची शर्यत होती ती. तुला थांबता आलं नाही?"

"मला काही झालं नव्हतं."

"तेच म्हणतोय मी. तुला कधी काही होतच नाही."

पुढच्या वसंतात झालं. बर्फाळ पावसात दगडी फरसबंदीवरून पाच-सहा शर्यती झाल्या आणि ओडीलचा डावा गुडघा भोपळ्यासारखा सुजला. त्याने मॉरित्सला सांगितलं, "गुडघा दुखतोय."

मॉरित्स हसता हसता खोकायला लागला. "का रे, आज कुठल्या गावात डॉक्टर बसलाय?"

फिर्मिनही शेजारीच होता. तो म्हणाला, "दुसरं काहीतरी शोध गड्या. गुडघा माझा आहे."

एव्हाना सगळ्या शर्यतपटूंत 'गुडघा' हा विनोदच झाला होता. तपासणी चुकवायला कोणी उतरला की म्हणत, गुडघ्याला गेला. ओडीलने पुन्हा तक्रार केली नाही. संघाच्या मालिशवाल्याला दया आली म्हणा, त्याने गुडघ्यात इंजेक्शन टोचलं. कशाचं, ते ओडीलने विचारलं नाही. दुखणं थांबलं. मग दर आठवड्याला एक सुई, आणि दुखत नाही म्हणून ओडील दामटत राहिला. जूनमध्ये एका चढावर पाय वाकलेलाच अडकला आणि तो गटारात पडला.

कोर्त्रेकच्या शल्यविशारदाने गुडघा उघडून पाहिला. नंतर ओडीलला म्हणाला, "आत हाडांमधली कूर्चा शिल्लकच नाही. इतकं होईपर्यंत थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर खोटं बोलतोय म्हणाले असते."

कहाणी इथे संपली असती तरी चाललं असतं. पण व्यावसायिक खेळाडूच्या दुखापतीची चौकशी व्हायची असा तेव्हा नवा नियम होता. चौकशीवाले आले, त्यांनी गुडघ्यावरच्या सुयांच्या खुणा पाहिल्या आणि दुखापतीचं कारण लिहिलं: निषिद्ध औषधांचा वापर. ज्या माणसाला संडासापर्यंत जायला गोडेलीवचा खांदा लागत होता, त्याच्यावर तीन महिने सायकल शर्यतीत उतरायची बंदी आली. आमच्या गावात आजवर शिक्षा झालेला तो एकटाच.

गोडेलीवने तो अख्खा दिवस भांडी आपटली. ओडील म्हणाला, "चिडतेस कशाला? निदान दुखतंय हे तरी त्यांनी मानलं."

फिर्मिन पुढे पुष्कळ शर्यती जिंकला आणि चाळिशीच्या आतच एका रविवारी स्वतःच्या बागेत कोसळला. हृदय. दफनाच्या दिवशी सगळा गाव चर्चमध्ये होता. मॉरित्स जो भेटेल त्याला सांगत होता, "तापलेल्या अंगावर गार बिअर प्यायला. किती वेळा बजावलं होतं त्याला." सगळे माना डोलावत होते. शवपेटीला खांदा द्यायला ओडीललाही बोलावलं होतं, पण पाय वाकेना म्हणून तो मागून चालला.

गोडेलीव दबक्या आवाजात म्हणाली, "आता तरी बोल काहीतरी."

"औषधांपायी बंदी आलेला माणूस मी," ओडील म्हणाला. "माझं कोण ऐकणार?" मग फिर्मिनच्या म्हाताऱ्या आईजवळ गेला, तिचा हात हातात घेतला, आणि म्हणाला, "फार गार असते हो ती बिअर."

म्हातारीने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

वीटभट्टीवाल्यांनी त्याला परत घेतलं, या खेपेला फाटकावर, बसून करायच्या कामाला. जत्रेच्या शर्यतींना तो जात नाही. गोडेलीव जाते, तिला गर्दी आवडते. ती घरी येऊन कोण जिंकलं ते सांगते. तो ऐकून घेतो आणि विचारतो, शेवटी कोण आला, आणि तो बरा आहे ना.