लीज संपलेलं घर

ज्या माणसाकडून मी माझं पहिलं घर विकत घेतलं, त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही आदराचा कण नाही. घर चांगलं आहे. नागपुरात, सक्करदऱ्याच्या पुढे एका गल्लीत, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. घराचा काही दोष नाही.

मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. नवरा मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही चौथ्या भाड्याच्या घरात राहत होतो. माझे बाबा तरुणपणी घरच्या मागावर साड्या विणायचे. माग विकल्यावर त्यांनी एका गोदामावर चौकीदारी केली. स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यामुळे आपल्या पोरीचं घर होणार, या बातमीने ते माझ्यापेक्षा जास्त हरखले होते.

घरमालक एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना साहेब म्हणत आणि ते त्यांना फार आवडत असे. मुलाकडे बंगलोरला कायमचं जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. पहिल्या दिवशी आम्हाला त्यांनी व्हरांड्यातच बसवलं आणि मुलीचं स्थळ पाहावं तशी चौकशी केली. गाव कोणतं, वडील काय करत, मांसमच्छी खाता का. मी एक्स-रे काढते म्हटल्यावर म्हणाले, “म्हणजे डॉक्टर नव्हे.”

घर पाहून झालं. मी म्हणाले, “साहेब, मले घर पसंत आहे.”

“मला,” ते म्हणाले. “मला घर पसंत आहे, असं म्हणा.”

आणि मी मूर्खासारखी “मला” म्हणाले. ते आठवलं की अजून कान तापतात.

नवऱ्याने विचारलं, “जमीन क्लिअर आहे ना, साहेब?”

ते हसले. “तीस वर्षं मी जमिनीचेच कागद हाताळले. बँकेच्या वकिलापेक्षा मला जास्त कळतं.”

आम्हाला ते पुरलं. आम्ही इसार दिला, इसारपत्रावर सह्या केल्या, बाबांना पेढे नेऊन दिले. नंतर कागद बँकेत गेले आणि बँकेच्या वकिलाने आम्हाला बोलावून घेतलं.

“ताई, जमीन त्यांची नाहीच. सरकारची आहे. तीस वर्षांच्या लीजवर दिलेली. ते लीज संपून अकरा वर्षं झाली. त्यांनी मुदत वाढवून घेतलेलीच नाही. आधी ती वाढवायला पाहिजे, मग लीज तुमच्या नावावर करायची परवानगी, मग कर्ज.”

“मग अकरा वर्षं ते तिथं कशाच्या जोरावर राहून राहिले?” नवऱ्याने विचारलं.

“कोणी उठवलं नाही, म्हणून.”

आम्ही तसेच साहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं, माणूस निदान ओशाळेल. त्यांनी इसारपत्र मागितलं, तिसरं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे ‘भाडेपट्ट्याची जमीन’ असे शब्द होते.

“वाचता येत नव्हतं का?”

वाचता येत होतं. दिवसभर मी लोकांच्या हाडांतली केसाएवढी चीर शोधते, आणि स्वतःच्या घराचं तिसरं पान मी वाचलं नव्हतं. त्या दिवशी साहेबांइतकीच मला माझीही चीड आली.

त्यांच्याच कार्यालयाने ती जमीन दिलेली होती, हेही तेव्हा कळलं. दुसऱ्यांचं लीज वाढवण्यात ज्याची अख्खी नोकरी सरली, त्याने स्वतःचं वाढवलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाले, “आमच्या दारात विचारायला कोण येणार?”

अर्ज त्यांनीच जाऊन करायला हवा होता. आधी नाही म्हणाले. पण घर विकल्याशिवाय बंगलोर नव्हतं, म्हणून तयार झाले. “एका फोनचं काम आहे,” म्हणाले. मी रजा टाकून सोबत गेले, कारण माझा त्यांच्यावर काडीचाही विश्वास उरला नव्हता.

खिडकीवर एक तरुण मुलगी होती. साहेबांनी आपलं नाव सांगितलं आणि ती उठून उभी राहील अशा बेताने थांबले. तिने मान वर केली नाही. “आजोबा, टोकन घ्या.”

मला फार बरं वाटलं. इतकं वाटायला नको होतं, पण वाटलं.

त्यानंतर तीन वेळा आम्ही तिथल्या बाकावर बसलो. एकदा तिथला अधिकारी जेवायला गेलेला, एकदा फोटो जुना, तिसऱ्यांदा फाईल सापडत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. उमरेडकडचे, मुलाकडे नागपुरात राहायला आलेले. त्यांच्या घराचंही लीज संपलं होतं आणि त्यांचीही फाईल सापडत नव्हती. ते दिवाळीच्या आधीपासून येत होते. आता उन्हाळा लागला होता.

“फाईल सापडत नाही” हे ऐकल्यावर साहेब हसले. मला हळूच म्हणाले, “म्हणजे कोणी शोधलीच नाही. आम्हीही हेच सांगायचो.”

मग ते उठले, खिडकीच्या बाजूचं दार ढकलून सरळ आत गेले. मी मागोमाग. मुलगी “ओ आजोबा, ओ आजोबा” करत राहिली. आतल्या खोलीच्या टोकाला एक लाकडी माळा होता. साहेबांनी चपराशाला स्टूल लावायला सांगितलं ते असं, की तो बिचारा काही न विचारता चढला. वरून कापडात बांधलेले तीन गठ्ठे निघाले. दुसऱ्यात साहेबांची फाईल होती.

“जी फाईल कोणाला नको, ती इथे टाकायची. माझ्याच वेळेपासून आहे हे,” त्यांनी धूळ झटकत सांगितलं. आवाजात अभिमान होता.

दारात ते म्हातारे येऊन उभे राहिले होते. दोन्ही हात जोडून म्हणाले, “साहेब, माझीबी पाहून द्या ना गा. गठ्ठे खालीच आहेत.”

साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. “मला वेळ नाही,” म्हणाले आणि निघाले.

आणि मी? मी गठ्ठ्यांकडे पाहिलं, म्हाताऱ्यांकडे पाहिलं, साहेबांच्या हातातल्या फाईलकडे पाहिलं, आणि फाईलच्या मागे चालू लागले. चपराशी गठ्ठे परत वर चढवत होता.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “तू काहून नाही बोललीस वं?” मी त्याच्यावरच ओरडले. आपलं काम अडेल अशी भीती वाटली, हे मला तेव्हा कबूल करता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी मुदतवाढीचा आदेश घ्यायला एकटीच गेले. म्हातारे त्याच बाकावर होते. आदेश पर्समध्ये ठेवला आणि मग खिडकीवरच्या मुलीला म्हणाले, “या आजोबांची फाईल आतल्या माळ्यावर पाहा.”

“तुमची आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग मी इथून हलत नाही.”

मागची रांग कुरकुरली. मी हलले नाही. शेवटी तिने वैतागून चपराशाला आत पाठवलं. तिसऱ्या गठ्ठ्यात फाईल निघाली.

म्हाताऱ्यांनी ती छातीशी धरली. मला वाटलं आता आशीर्वाद देतील. ते म्हणाले, “तुले त्या दिशीच माहीत झालं होतं ना वं पोरी? मग आठ दिवस काहून बसू देल्लं मले?”

“चुकलं,” मी म्हणाले. ते खिडकीकडे वळले.

पुढे परवानगी आली, कर्जही मिळालं. खरेदी झाली त्या दिवशी साहेबांनी किल्ल्या दिल्या आणि वर उपदेश केला, की सरकारी मुदती पाळत जा. मी म्हणाले, “मले माहीत आहे.” त्यांचे ओठ सुधारणा करायला हलले, पण रजिस्ट्रारसमोर सही झालेली होती.

बाबा घर पाहायला आले तेव्हा मी त्यांना सगळं समजावलं. घर आपलं, जमीन सरकारची, तीस वर्षांसाठी. ते अंगणात उकिडवे बसले, हाताने माती चाचपली.

“म्हणजे पुन्हा भाड्यानंच की.”

“तसंच म्हणा.”

“मालक तरी चांगला आहे का?”

मी म्हणाले, “नाही. पण तो घरी येत नाही.”

बाबा हसले, आणि झाडू मागून अंगण झाडायला लागले.