दैवशालाच्या मापाची गाडी

दैवशाला बदनापूरची शिलाईवाली. दहा वर्षांपूर्वी अपघातात पाय गेले, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. मशीनचं पेडल तिनं टेबलावर घेतलंय, ते कोपराने दाबते आणि दोन माणसांचं काम एकटी उरकते. मी तिची शेजारीण, शाळेत शिकवते. गणवेश पोचवायला जालन्याला जायचं तर तिला धाकट्या भावाची, अंगदची, सवड बघावी लागायची. अंगद मनाचा चांगला, पण त्याचा 'आत्ता येतो' म्हणजे दुसरा दिवस. मागच्या जूनमध्ये एका शाळेने त्यापायीच काम काढून घेतलं.

"मॅडम, गाडी घेती आता," ती मला म्हणाली. "चालवणार मीच."

जुन्या गाड्यांच्या बाजारात आम्ही तिघं गेलो. अंगदला एक उंच जीप भारी आवडली.

"आक्का, हीच घे. शेतात बी जाती, पाव्हण्यांत इज्जत ऱ्हाती."

दैवशालाने गळ्यातली टेप काढून सीटची उंची मापली, मग आपल्या खुर्चीची. नऊ इंचांचा फरक.

"रोज मला वर कोण चढवणार?"

"मी हाय ना!"

"तेच तर नको."

गिअरची गाडी स्वस्त पडत होती, पण क्लचला पाय लागतो. शेवटी कोपऱ्यातली एक छोटी, बिनगिअरची, रंग उडालेली गाडी तिने उघडायला लावली. दार ऐसपैस उघडलं. ती खुर्चीतून सीटवर सरकली, खुर्चीची चाकं काढली आणि सांगाडा मांडीवरून ओढून शेजारच्या सीटवर टाकायला गेली. दोनदा अडकला. विकणारा धावला.

"थांबा. घरी तुम्ही थोडेच येणार हायत?"

सीट मागे सरकवल्यावर तिसऱ्यांदा बरोबर बसला. उडालेल्या रंगावरून तिने घासाघीस अशी केली की विकणाऱ्याने हात जोडले. पुढे मेकॅनिकने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताच्या दांड्यावर आणून दिले. आरटीओत नोंद झाली, लायसन मिळालं.

त्यांच्या घरी नव्या गाडीची पहिली फेरी जांब समर्थला, देवदर्शनाला, हे ठरलेलंच. आई उषाबाईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. मागे आई, वडील, भावजय बसले. दैवशाला स्टेअरिंगवर सरकली. तिच्या शेजारी अंगद ऐटीत बसला. खुर्ची गाडीच्या दाराबाहेर तशीच उभी. निरोपाला फाटकाशी उभ्या माझ्याही ते ध्यानात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

"चल की आक्का."

"खुर्ची?"

"तिथं कशाला? मी उचलून नेतो की दर्शनाला. आजवर नेलंच ना?"

"नेईल की गं," उषाबाई मागून म्हणाल्या. "दोन मिन्टाचं काम."

दैवशालाने चावी काढून मांडीवर ठेवली. आवाज चढवला नाही.

"अंगद, तू मला लय उचललंस. ते मी जन्मभर विसरायची न्हाई. पण ती सीट खुर्चीची हाय. उतर."

अंगदचे कान लाल झाले. तो उतरला, वळसा घालून तिच्या बाजूला आला, सवयीने खुर्ची उचलायला वाकला आणि मध्येच थांबला. दोन पावलं मागे सरून उभा राहिला. दैवशालाने चाकं काढली, सांगाडा आत ओढला, दार लावलं.

गाडी फाटकाबाहेर पडली. मग अंगदने मोटारसायकल काढली आणि तिच्या मागे निघाला.