पोळ्याचा घास

सुदामभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत भाजी घेत होते. त्यांचा मुलगा इतकंच म्हणाला, "मॅडम, बाबा गेले." भाजी तिथेच विसरून मी घरी आले.

अकोल्याच्या प्रयोगशाळेत आम्ही खाण्याच्या पदार्थांत घालायची रसायनं उंदरांना चारून तपासायचो. नोंदी माझ्याकडे, पिंजरे सुदामभाऊंकडे. बार्शीटाकळीहून रोज यायचे आणि आल्या आल्या पिंजऱ्यांना "रामराम मंडळी" म्हणायचे. मी चिडवायचे, "उत्तर देतात का?" तर म्हणायचे, "तुमच्याहून बरे हायेत, आयकून तं घेतात."

एका वर्षी मिठाईतला पिवळा रंग तपासणीला होता. अर्ध्या उंदरांना रंग घातलेलं खाद्य, अर्ध्यांना साधं. दोघांतला फरक बघायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ खुशीत म्हणाले, "काल साऱ्याइले घास-घास पुरणपोळी चारली, मॅडम. आमच्या घरी बैल नाही, पन हे तं हायेत." मी लगेच पुरणात रंग होता का, विचारलं.

"व्हता ना, पिवळाधम्मक! आमी बी तेच खाल्लं. आमाले कुठं काय झालं?"

गप्प बसता आलं असतं... कुणाला कळलंही नसतं. पण मी नोंद केली, शहाणी ना मी! हुकूम आला: तपासणी रद्द, सगळे उंदीर मारा, नवे आणून पुन्हा सुरू करा. तपासणी संपली की त्यांना मारतातच. पण हे मरण फुकट गेलं. पिंजरे भाऊंनाच उचलून आणावे लागले. "माह्या एका घासापायी सारेच?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. नवे उंदीर आले, तेही मेले. त्यांना भाऊंनी कधी रामराम घातला नाही.

मागच्या आठवड्यात बार्शीटाकळीला भाऊंच्या घरी, त्यांच्या बायकोला, वहिनींना, भेटायला गेले. चहा होतो न होतो तोच दारात कुत्रं येऊन बसलं. वहिनींनी माझ्या हातात भाकर दिली. "तुमीच टाका. त्या पोळ्यापासून त्याइनं कोण्या जनावराले हातानं घास देल्ला नाही. कुत्रं आलं का म्हनत, 'मॅडमले इचारल्याशिवाय मी नाही देत.'"

"द्या, भाऊ," एवढं मी कधीही फोनवर म्हणू शकले असते. मला माहीतच नव्हतं... आणि माहीत करून घ्यायला, ते असताना, मी एकदाही आले नव्हते. भाकर माझ्या हातातच राहिली. शेवटी वहिनींनीच ती घेऊन कुत्र्याला टाकली.