मी लिहिलेला ‘मालक’

शाळेत मी मराठी शिकवायचे आणि आपा, म्हणजे सगळ्या शाळेची थोरली बहीण, हिंदी. मधल्या सुट्टीत आम्ही बाकीच्या जणी साड्या, सुना आणि मुख्याध्यापक यांच्यावर तोंडसुख घ्यायचो, तेव्हा आपा कोपऱ्यात अरबी शब्दकोश उघडून बसायच्या. कुराणात बायकांच्या हक्कांबद्दल काय आहे, जुन्या विद्वानांनी त्याचा अर्थ कसा लावला, नवे कसा लावतात, हे सगळं त्या पुस्तकं मागवून वाचत. “एवढं वाचून करणार काय?” असं मी एकदा विचारलंही होतं. आगाऊपणा, दुसरं काय!

उत्तर मिळालं ते आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर. मैंदर्गीची आमची एक जुनी विद्यार्थिनी सोलापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा निकाह ठरला. मुलगा बरा होता, पण सासरकडून ‘आता शिक्षण पुरे’ असा सूर निघायला लागला. पोरगी आपांकडे येऊन रडली.

“रोती कायकू?” आपा म्हणाल्या. “निकाह करार है. करारात अट घालता येते.”

शिक्षण पूर्ण करीन, नोकरी करीन, आणि अडवलं तर वेगळं व्हायचा हक्क माझा, अशी अट निकाहनाम्यात लिहायची आणि नवऱ्याने त्यावर सही करायची. जुन्या धर्मशास्त्रातही याला जागा आहे, असं सांगून त्यांनी ग्रंथातली पानं काढून दाखवली.

तिच्या वडिलांना पटवायचं राहिलं होतं. ते मराठी शाळेत शिकलेले, त्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. म्हणून आपांनी तोंडी सांगायचं आणि मी मराठीत उतरवायचं असं ठरलं. पुरुष हे स्त्रियांचे ‘कव्वाम’ आहेत, असं कुराणाच्या एका आयतीत, म्हणजे वचनात, येतं. नेमक्या तेव्हाच आपा चहा टाकायला उठल्या आणि मी माझ्या अकलेने लिहून मोकळी झाले, ‘मालक’. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. माझी आई म्हणायची, चारचौघांत मीही म्हणते. मला त्यात काही खटकलंच नाही. वर, आपांनी तपासायच्या आधीच वडील आले, तर मी हौसेने कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बरोबर त्याच शब्दावर बोट ठेवलं. “बाई, हितं तर तुमीच लिवलंय की, मालक म्हणून. मग मालकाला अट कशी घालायची? ऱ्हाऊ द्या.”

मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारण्यात माझा जन्म गेला आणि आता माझ्याच एका शब्दाने तिचं शिक्षण बुडत होतं.

आपा माझ्यावर चिडल्या नाहीत. चहाचे कप ठेवून त्यांनी वडिलांना विचारलं, “भाईसाब, नमाजमध्ये कियाम म्हणजे काय?”

“हुबं ऱ्हानं.”

“कव्वाम हा त्याच घराण्यातला शब्द. जो उभा राहतो तो. घराचं भागवायला, बायकोच्या पाठीशी.” मग त्यांनी दुसरी आयत काढली. तिथे हाच शब्द सगळ्या ईमानवाल्यांसाठी आला होता. न्यायासाठी ठाम उभे राहा, स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरुद्ध जावं लागलं तरी. “इथे मालक घालून बघा. लागतो अर्थ?”

पुष्कळ मोठ्या विद्वानांनी या शब्दातून पुरुषाचा अधिकारच काढलाय, हेही आपांनी आपण होऊन सांगितलं. “ते माझ्याहून फार शिकलेले. पण तो त्यांनी लावलेला अर्थ आहे.” वाद जिंकायचा असता तर एवढं गाळता आलं असतं. त्यांनी गाळलं नाही, आणि मला या बाईचा विलक्षण अभिमान वाटला.

“आन् त्यो हुबाच न्हाय ऱ्हायला तर?” वडिलांनी शेवटी विचारलं.

“त्याच्यासाठीच तर अट.”

हो-नाही न म्हणता त्यांनी कागद खिशात घातला आणि लेकीला घेऊन गेले.

निकाह अक्कलकोटला एका कार्यालयात होता. अटीचं काय झालं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचा धीर मला नव्हता. रिवाजाप्रमाणे वडील दोन साक्षीदारांना घेऊन बायकांच्या खोलीत नवरीची संमती घ्यायला आले. नवरीने मान खाली घालून कुबूल म्हणायचं असतं. ही गप्प राहिली. दुसऱ्यांदा विचारलं, तरी गप्पच.

“लाजतीय,” कुणीतरी म्हणालं.

तिने हात पुढे केला. “अब्बा, कागद द्या.”

खोलीत कुजबुज सुरू झाली. बाहेर काझी खोळंबलेत, असं एका साक्षीदाराने सांगितलं.

“वाचू द्या की तिला,” वडील म्हणाले आणि निकाहनामा तिच्या हातात दिला.

ती पहिल्या ओळीपासून वाचत गेली. मी तिच्या खांद्यावरून डोकावले. अट होती. वडिलांच्या अक्षरात, मराठीत, ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुकांसकट, आणि खाली नवऱ्याची सही. तिने शेवटपर्यंत वाचलं, कागद परत दिला आणि मग कुबूल म्हणाली.