मोरीतला बोळा

आमच्या घराण्यात गुरवकी आहे. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात महादेवाला रोज आंघोळ घालायचं काम अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. गाभारा तीन पायऱ्या खाली. पिंडीवर ओतलेलं पाणी भिंतीच्या बुडाशी असलेल्या भोकातून बाहेर दगडी डोणीत पडतं. त्या भोकाला आम्ही मोरी म्हणतो. डोणीतलं पाणी आमची देवणी गाय पिते. म्हणूनच ती एवढ्या तोऱ्यात चालते, असं लहानपणी मला वाटायचं.

पाऊस लांबला की गावकरी मोरीत चिंध्यांचा बोळा कोंबून गाभारा भरतात. पिंड बुडाली की देव गुदमरतो आणि सुटका व्हावी म्हणून मागितलेलं देतो, अशी समजूत. याला देव कोंडणं म्हणतात. अण्णांना ते मुळीच पटत नसे. "पावसाचा गुन्हा अन् महादेवाला कोठडी," म्हणायचे. "मागायचं तर हात जोडून मागा. नरडं धरून काय मागायलेत?" लोक घरी गेले की ते गुपचूप बोळा काढून टाकत. स्वतःसाठी त्यांनी देवाकडे काही मागितलेलं मला तरी आठवत नाही. वर आम्हालाच चिडवत, "रोज ज्याची पाठ चोळायची त्याच्यापुढं हात कसा पसरू?"

यंदा दिवाळी झाल्यावर त्यांना घास गिळेना. मी लातूरला शाळेत शिकवते, म्हणून तिकडेच दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. गाठ वाईट होती आणि पसरली होती. बाहेर येऊन मी अण्णांना म्हणाले, "सूज हाय नुसती. गोळ्यानं उतरंल." पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी, किती सफाईने बोलले! आईला मात्र फोनवर खरं सांगितलं, आणि अण्णांना कळू द्यायचं नाही असंही बजावलं. ती नुसती "बरं" म्हणाली. रडली नाही, काही विचारलं नाही. त्या "बरं"ची मला धास्तीच वाटली.

संध्याकाळी आम्ही गावी पोचलो. आईने मऊ भात केला होता. एरवी तोंडात गुळणी धरून बसणारी बाई त्या दिवशी शेजारणींच्या चहाड्या सांगत सुटली होती. अण्णा तिच्याकडे बघत भात चिवडत राहिले.

सकाळी ते पंचा खांद्यावर टाकून निघाले, तशी ती दारात आडवी आली.

"आज ऱ्हाऊ द्या. पूजा मी करते. कालबी मीच केली की."

"का? मला काय झालंय?"

ते तिला वळसा घालून बाहेर पडले. मी बेलाची टोपली उचलून त्यांच्या मागे गेले.

देवळामागे गाय डोणीत मान घालून उभी होती. डोणी रिकामी होती आणि ती ओलसर दगड चाटत होती. अण्णांनी ते पाहिलं आणि पावलं उचलली. आत गाभाऱ्याच्या दुसऱ्याच पायरीवर ते थांबले. खाली पाणी होतं. पिंड दिसत नव्हती. कालचा बेल वर तरंगत होता. या गाभाऱ्यात मी नेहमी पाण्याची खळखळ ऐकलेली. आता कसलाच आवाज नव्हता.

"औंदा पाऊस तर लई झाला," अण्णा हळूच म्हणाले. "मग देव कशापायी कोंडला?"

ते वाकले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून भिंत चाचपली आणि बोळ्याचं मोकळं टोक वर आणलं. हिरवा कपडा, लाल काठ. आईचं जुनं लुगडं आम्ही दोघांनीही ओळखलं.

"तू घरी जा," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

आई चुलीपुढे बसली होती. माझा संताप मला आवरेना. "आपण तोंड शिवून बसलो, अन् तू देवळात दवंडी पिटलीस?"

"मला वाटलं, ते चार दिस घरी पडून ऱ्हातील," ती म्हणाली. "तुझ्या डाक्टरनं हात टेकले. मग मी कुणाचं नरडं धरू, सांग."

मी तिच्याजवळ बसले. आमचं घर देवळाला लागून आहे. डोणीत पाणी पडलं की चुलीपाशी ऐकू येतं. अण्णा बोळा काढणार, याची दोघींनाही खात्री होती. मग येऊन चिडतील, ओरडतील, विचारतील. आम्ही कान देऊन बसलो. चहा उकळून आटायला लागला. पाणी काही पडलं नाही. बाहेर गाय हंबरली, पुन्हा हंबरली.

अण्णा आले तेव्हा त्यांची बंडी खांद्यापर्यंत ओली होती आणि ओठ थंडीने निळे पडले होते. पाटावर बसून त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. मग आईला म्हणाले, "बोळा ढिला बसला होता. पाणी झिरपायलं होतं. घट्ट बसवून आलो."

डॉक्टरांच्या खोलीत मी घाबरले नव्हते. तेव्हा घाबरले.