पहिली पाळी सुटेपर्यंत

दीडेक महिन्यापूर्वी सांगलीहून, माझा मित्र दत्ता याच्या घरून, सुनंदावहिनींचा फोन आला. "हे गेले…" एवढंच बोलल्या. सातारा स्टँडवर एसटीची वाट बघताना मला दत्ताची पदं आठवली नाहीत, सत्कारही नाहीत. आठवला तो त्याच्या शोकेसमधला नारळ.

दत्ता राज्याच्या उद्योगविकास यंत्रणेचा प्रमुख होता. मांडव जितका मोठा तितका कारखाना लहान, यावर आमचं एकमत होतं. फरक इतकाच, की मी हे घरी चहा पिताना म्हणायचो आणि तो मंचावर बसून सोसायचा. एकदाच त्याला सोसवलं नाही, तेही स्वतःच्या गावी, माणच्या माळावर. कारखान्याचं भूमिपूजन होतं. बँड होता, मंत्री होते, त्याच्या आग्रहाने मीही होतो. भटजींनी मंत्र्यांपुढे केलेला नारळ दत्ताने मध्येच घेतला. "कारखान्याची पहिली पाळी सुटली की फोडू," म्हणाला. पुढच्या रांगेतले एक म्हातारबाबा उठले.

"आवं सायेब, नारळ फुटल्याबिगर काम कसं व्हायचं?"

"आबा, हितं आधी दोनदा फुटलाय. काय उगवलं?"

"कुसळं!" म्हातारबाबा बोलून गेले. सगळा मांडव हसला, मंत्री सोडून.

कारखाना आलाच नाही. पाण्याची हमी कुणी देईना, म्हणून मालक दुसरीकडे गेला. पण गावाने खापर नारळावर फोडलं. पोरं मुंबईची वाट धरतच राहिली. धाकटा भाऊ नामदेव तोंडावर म्हणाला, "दादा, तुमच्या नारळापायी गाव बसलं." नारळ मात्र शोकेसमध्ये सगळ्या मानचिन्हांच्या पुढे विराजमान झाला. आयुष्यभर आकडे तपासणाऱ्या माणसाने तो नवसासारखा का जपावा, याचं मला भारी कुतूहल. विचारलं की तो नारळ कानाशी हलवायचा. आधी आत पाणी डुचमळायचं, पुढे गोटा खुळखुळू लागला. "मुरतोय," एवढंच उत्तर.

निवृत्तीनंतर त्याने गावात बायकांसाठी शिवणकामाची शेड उभी केली. यंत्रं आली, विजेची जोडणी अडली… आणि तो गेला.

परवा मी सांगलीला वहिनींकडे गेलो असताना नामदेव आला. गावात शोकसभा ठरली होती.

"वयनी, मंत्री येनार हायती. दादाचा नारळ त्यांच्या हातनं फोडू. लय मोठी श्रद्धांजली हुईल."

खरं सांगायचं तर मलाही पटलं. एकदाचा फुटू दे, असं वाटलं.

वहिनींनी नारळ काढला, कानाशी हलवला.

"भाऊजी, शेडची पहिली पाळी सुटली का?"

"न्हाई. वीज कुठं आलीया अजून?"

"मग मंत्र्यांना म्हणावं, येताना वीज घेऊन या."

नामदेव हसला, मग डोळे पुसू लागला. वहिनींनी नारळ परत जागेवर ठेवला, शेंडी भिंतीकडे करून… दत्ता ठेवायचा तसा.